मेश्राम बाईंचा राहिलेला घाट

काटोलनं मेश्राम बाईंना फसवलं.

काटोल म्हणजे गाव नव्हे. गावाशी माझं भांडण नाही. माझी धाकटी बहीण तिथं दिली आहे आणि संत्री मी तिथलीच खातो. हा काटोल म्हणजे नागपुरातल्या एका मोठ्या सायकलच्या दुकानातला चाळिशीला आलेला विक्रेता. त्याचं खरं नाव मला माहीत नाही, कारण बाईंनी त्याला नाव विचारलंच नाही. गाव विचारलं. बाई प्रत्येकाला आधी गाव विचारत आणि मग त्याला कायम गावाच्याच नावानं हाक मारत. मी खापा. माझ्या बाकावरचा कामठी. मागं उमरेड बसायचा. हजेरीपटावर आमची नावं होती, पण बाईंच्या तोंडी सगळा नकाशाच होता.

मेश्राम बाई आम्हाला भूगोल शिकवायच्या. मी खाप्याहून मामाकडे राहायला आलो, शाळेचा पहिला दिवस, आणि बाईंनी मला उभं केलं.

"गाव?"

"खापा."

"नदी कोणती?"

"कन्हान."

"कुणीकडे वाहते?"

मी हात हलवला, अशी अशी वाहते म्हणून. वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आपल्या गावची नदी कुणीकडे जाते हे ज्याले माहीत नाही, त्याले कोणीबी कुठीबी घेऊन जाते. घरी जाशीन तेव्हा पाहून ये." मी पुढच्या सुट्टीत गेलो आणि पाहून आलो. आग्नेयेला जाते. आज माझा कूलरचा कारखाना आहे, तो मी कुणाच्या मेहरबानीवर उभा केलेला नाही. शाळा सुटली की पत्र्याच्या दुकानात कातर चालवायचो, तिथून इथवर आलो. पण धंद्यात कोणी मला कुठं घेऊन चाललाय हे ओळखायची सवय बाईंनी लावली, एवढं मी मान्य करतो. मी सहसा काही मान्य करत नाही.

बाई सायकलवर यायच्या. दांडीच्या, पुरुषी सायकलवर, नऊवारीसारखा काष्टा मारलेल्या पाचवारीत. त्या काळी मास्तर लोक पाहायचे आणि काहीबाही बोलायचे. बाईंना ते ऐकू येत असावं, पण त्यांची दिशा ठरलेली असायची. दिशा हा तर त्यांचा छंदच. बाई डावं-उजवं कधी म्हणत नसत. जेवायला बसल्या की, "खापा, तुह्या ईशान्येले मीठ आहे, दे." कुणाच्या लग्नाच्या पंगतीत वाढप्याला, "पश्चिमेची जिलबी नको, उत्तरेची दे, ते गरम दिसते." वाढपी बिचारा भोवती फिरत राहायचा. ही सवय मलाही लागली. कारखान्यात मी कारागिराला 'दक्षिणेचा खिळा ठोक' म्हणतो. ते मला मागं काय म्हणतात ते मला ठाऊक आहे.

समोच्च रेषा, म्हणजे नकाशावर चढ दाखवणाऱ्या त्या वाकड्या रेघा, आमच्या कुणाच्या डोक्यात शिरेनात. बाईंनी फळा पुसला आणि सगळा वर्ग सेमिनरी हिल्सच्या टेकडीवर नेला, पायथ्याला गोल पसरून उभा केला. खिशात खडे भरायला लावले. "चढा. जिथं दम लागन तिथं एक खडा ठेवा अन् पुढं चला." आम्ही धापा टाकत खडे टाकत वर गेलो. वरून बाईंनी दाखवलं: जवळजवळ सगळ्यांचे खडे एकाच उंचीवर पडले होते, टेकडीला गुंडाळल्यासारखे. "झाली रेघ," बाई म्हणाल्या. "चढ डोळ्याले दिसत नाही गा. पायाले समजते." परीक्षेत तो प्रश्न आला नाही. पण त्या वर्गातला एकही माणूस अजून समोच्च रेषा विसरला नसेल.

आणि एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढं तीच लागणार आहे. वर्गात पृथ्वीचा गोल होता. मधल्या सुट्टीत कुणीतरी तो पाडला आणि आफ्रिकेपासून खालपर्यंत तडा गेला. बाई आल्या, पाहिलं, विचारलं, "कोणाच्या हातून पडला?" कुणी उठलं नाही. बाईंनी पुन्हा विचारलं नाही. मारलं नाही, मुख्याध्यापकाकडे नेलं नाही, गोल बदललाही नाही. तसाच तडकलेला गोल रोज टेबलावर ठेवायचा आणि शिकवायचं. सहाराचं वाळवंट शिकवताना बाईंचं बोट तड्यावरून जायचं, तिथं थांबायचं, पुढं जायचं. आम्हाला ते बोट पाहवत नसे. शेवटी एक दिवस कामठी रडत उभा राहिला. बाई म्हणाल्या, "बस. मले माहीत होतं तू येशीन." दुसऱ्या दिवशी गोल दुरुस्त होऊन आला. मी कामठीला विचारलं, काहून सांगितलं रे? तर म्हणे, बाईंनी दुसऱ्यांदा विचारलंच नाही ना.

बाई निवृत्त झाल्या आणि त्यांनी गिअरची सायकल घ्यायची ठरवली. भाव करायला मी सोबत गेलो. भाव करणं ही माझी विद्या आहे. दुकानदाराचा घाम पाहूनच मी सांगतो की अजून किती खाली येईल. बाई मात्र भाव करत नसत. त्या एकच विचारत: "हे तू तुह्या आईसाठी घेतली असती का?" माझ्या कारखान्यातला पहिलावहिला कूलर बाईंनी घेतला, तेव्हा मलाही हेच विचारलं होतं. मी तिथल्या तिथं त्यातला पंप बदलून चांगला टाकला. त्या प्रश्नापुढं माझ्यासारख्या माणसाचं काही चालत नाही.

मग बाई पहाटे काटोल रोडनं निघायच्या, फेटरी गावाच्या पुढं संत्र्याच्या बागांपर्यंत. कधी मी जायचो, मोटारसायकलवर, मागून. त्या चढ आला की पुटपुटायच्या, गिअर टाकायच्या, खटक. मला म्हणायच्या, "गिअर म्हणजे काय माहीत आहे? चढ तोच राहते. आपण त्याच्याशी बोलायची पद्धत बदलतो."

दोन उन्हाळ्यांपूर्वी बाईंच्या अंगावरून वारं गेलं. दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "कोणता हात उचलत नाही?"

"दक्षिणेचा," बाई म्हणाल्या.

डॉक्टरचा चेहरा पडला. त्यानं नर्सकडे पाहिलं, बोलण्यावरही परिणाम झाला म्हणून लिहायला लागला. मी ओरडलो, "अहो डॉक्टर, पलंगाचं तोंड पाहा ना! बाई पूर्वेकडे तोंड करून बसल्या आहेत, उजवा हात दक्षिणेलाच येईन. बाई ठीक आहेत, तुम्हीच चुकून राहिले!" मला बाहेर काढलं. पण ते लिहिलेलं त्यानं खोडलं.

पाय व्यायामानं बराचसा परत आला. हात आला नाही. उजवा अंगठा तर लाकडासारखा. आणि सायकलचे मागचे गिअर उजव्या अंगठ्यानंच बदलतात. रस्त्यावर जायला डॉक्टरनं साफ मनाई केली. ब्रेकही नीट धरता येत नव्हता. पण पाय चालता ठेवा, म्हणाला, नाहीतर तोही जाईल. बाईंची भाची माया त्यांच्याच घरी राहते, नर्स आहे. तिनं मोबाइलवर शोधून काढलं की घरात सायकल चालवायचं एक यंत्र येतं. सायकलचं मागचं चाक काढायचं, सांगाडा यंत्रावर बसवायचा, समोर पडद्यावर रस्ता दिसतो, आणि रस्त्यावर चढ आला की यंत्र पायाला खरोखर जड लागतं. त्याला ट्रेनर म्हणतात. बाईंनी एकच विचारलं, "कोणकोणते घाट आहेत त्याच्यात?" मायानं नावं वाचली. त्यात आल्प्समधला एक घाट निघाला, जो बाईंनी सगळी नोकरी भिंतीवरच्या नकाशावर बोटानं चढून दाखवला होता. बाईंनी काठी हातात घेतली. मग म्हणाल्या, "खापा, गाडी काढ."

असे आम्ही काटोलपाशी पोचलो.

"गाव?" बाईंनी विचारलं.

"मी काटोलचा, मॅडम."

"मंग काटोल, समजावून सांग."

आता खरं ते खरं; त्यानं नीट सांगितलं. एक स्वस्तातला प्रकार होता, त्यात चाक काढावं लागत नाही, चाक एका रुळावर घासतं. काटोल म्हणाला, "याच्यावर चढ बराबर समजत नाही मॅडम, अन् टायर घासते." दुसरा प्रकार चांगला होता, पण त्यात सायकलचेच गिअर वापरायचे, म्हणजे पुन्हा तोच उजवा अंगठा. तिसऱ्या प्रकारात मागं एकच दातेरी चकती होती. मी वाकून पाहिलं.

"याचे गिअर कुठी आहेत?"

"साहेब, याच्यात व्हर्च्युअल शिफ्टिंग आहे. चेन जागची हलत नाही. हँडलवर हे छोटं बटन लावायचं. बटन दाबलं की यंत्र आतून जड-हलकं करते. पायाले वाटते गिअर बदलला."

"म्हणजे गिअर नाहीतच."

"व्हर्च्युअल आहेत ना, साहेब."

"मंग पैसेबी व्हर्च्युअल देतो. चालन?"

काटोल हसला. बाई हसल्या नाहीत. त्या बटनाकडे पाहत होत्या. "हे बटन कोणत्या हाताले लावायचं?"

"जिथं बोट पोचन तिथं लावा मॅडम. दोन्ही बटनं डाव्या बाजूले लावून देतो. जड करायचं वर, हलकं करायचं खाली."

त्यानं तिथंच दुकानाच्या सायकलवर लावून दिलं. आम्ही दोघांनी बाईंना धरून बसवलं. पडद्यावर चढ आला. बाईंनी डाव्या अंगठ्यानं बटन दाबलं. आवाज नाही, खटक नाही. पण बाईंचे पाय क्षणभर अडखळले आणि मग हलके झाले. बाईंनी डोळे मिटले. पुन्हा दाबलं. मी बाईंना इतकी वर्षं ओळखतो. बाई रडत नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी बराच वेळ डोळे उघडले नाहीत.

उतरल्यावर त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. काटोल म्हणाला, "माह्या आईसाठी हेच घेतलं असतं." आणि ते तो खरं बोलला होता, यावर माझा अजूनही विश्वास आहे. मग बाईंनी दुसरा प्रश्न विचारला. "मे महिन्यात घरात कूलर लागते. त्याशिवाय इथं कोणी पाय हलवू शकत नाही. या यंत्राजवळ कूलर चालन का?"

"बिनधास्त चालवा मॅडम. समोरच लावा. काही होत नाही."

मी शेजारी उभा होतो. कूलरचा माणूस मी. तो शब्द माझ्या कानातून सुटणं शक्य नाही. मग मी माझं काम केलं. खालची रबरी चटई फुकट घेतली, पुढच्या चाकाचा ठोकळा फुकट घेतला, घरी येऊन बसवून देणं फुकट, आणि वॉरंटीचा कागद शिक्क्यासकट घेतला. दुकानाचा मालक मला पाहून आत निघून गेला होता.

बाईंच्या बैठकीत यंत्र बसलं. कूलर मी स्वतः आणून लावला, यंत्रापासून चांगला लांब, शिंतोडा उडणार नाही असा. माझ्या कूलरचे शिंतोडे उडत नाहीत, हे मी कुणालाही लिहून देईन. आणि बाई घाट चढायला लागल्या. रोज थोडा. पडदा पूर्वेच्या भिंतीवर, शेजारी शाळेतून निवृत्तीच्या वेळी मागून आणलेला घाटाचा तोच जुना नकाशा. थांबल्या की उतरून त्या नकाशावर एक टाचणी लावायच्या, जिथं दम लागला तिथं. गल्लीतल्या बाया पाहायला यायच्या.

"काहून वं मेश्राम बाई, या वयात कुठी चालल्या?"

"आल्प्सले. येते का?"

"तिकडं जेवाचं काय?"

"तेच तर. डबा देजो."

टाचण्या वर सरकत गेल्या. पाय सुधारला. मायानं सांगितलं, बाई आता काठीशिवाय मोरीपर्यंत जातात. घाटाची शेवटची काही वळणं राहिली, माथा दिसायला लागला, आणि ऐन मे महिन्यात यंत्र बंद पडलं. बटन दाबलं की काही नाही. चढ आला तरी पाय हलकेच.

कंपनीचा माणूस आला, यंत्र उघडलं, आत ओल दाखवली. कूलरची हवा लागली म्हणाला. यंत्रासोबतच्या पुस्तकात बारीक इंग्रजीत लिहिलं आहे की दमट हवेत ठेवू नये. वॉरंटीत बसत नाही. या शहरात उन्हाळ्यात यंत्र विकायचं आणि कूलर लावू नका हे बारीक अक्षरात लिहायचं! मी त्या माणसाला काय बोललो ते इथं छापता येणार नाही.

आम्ही दुकानात गेलो. या वेळी मालक बाहेर आला, काटोलच्या शेजारी उभा राहिला.

"आमच्याकडून असं कोणी सांगणारच नाही," मालक म्हणाला. "कूलरचं आम्ही सगळ्यांना आधीच बजावतो."

बाईंनी मालकाकडे पाहिलंच नाही. "काटोल, मी तुले विचारलं होतं. तू समोरच लावा म्हणाला होता की नाही?"

काटोलनं मालकाकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. "मी असं बोललो नाही, मॅडम."

मी काउंटरवर हात आपटला. काच तडकली असती तर बरं झालं असतं. "अबे, मी इथंच उभा होतो! तुह्या तोंडातून..."

"खापा," बाई म्हणाल्या. "बाहेर जाऊन उभा राहा."

मी आयुष्यात कुणाचं ऐकून दुकानाबाहेर गेलेलो नाही. गेलो. काचेतून पाहत होतो. बाई डावा हात काउंटरवर टेकून त्याच्याशी काहीतरी बोलल्या. तो मान खाली घालून उभा. बाई बाहेर आल्या, गाडीत बसल्या.

"काय म्हटलं तुम्ही त्याले?"

"म्हटलं, घाबरू नको. घर चालवायचं आहे तुले, मले समजते. दुकानात नाही सांगता येत तर घरी येऊन सांग."

"अन् यंत्र?"

"यंत्राचं नाही बोलून राहिली मी."

मी म्हणालो, बाई, मी दुसरं घेऊन देतो, उद्याच, याहून भारी. सिव्हिल लाइन्सपाशी बाईंनी गाडीची काच खाली केली. मग म्हणाल्या, "तू घेऊन दिलं तर त्याचं खोटं झाकल्या जाईन. त्याले येऊ दे. तो येईन. चांगला माणूस आहे, माह्या पायाले समजलं होतं त्या दिवशी." आफ्रिकेवरून जाणारं ते बोट मला आठवलं.

काटोल आला नाही. मी दोनदा दुकानात जाऊन आरडाओरडा केला. दुसऱ्या वेळी कळलं, तो तिथलं काम सोडून गेला. कुठं गेला ते मालक सांगेना. हे मी बाईंना सांगितलं नाही.

बाईंना शेवटचं पाहिलं ते जूनच्या सुरुवातीला, दुपारी. दार उघडंच होतं. त्या महिन्यात बाई दार लावत नव्हत्या, ऊन आत आलं तरी. कूलर बंद, भिंतीकडे तोंड करून ठेवलेला. पडदा काळा. बाई सायकलवर बसलेल्या आणि पाय फिरत होते, त्या मेलेल्या यंत्रावर, फुकट, हलके. डोळे नकाशाकडे. डावा अंगठा बटनावर. मी उंबऱ्याशी थांबलो. बाई पुटपुटत होत्या, "आता वळण... आता जड येईन," आणि बटन दाबत होत्या, आणि पायांचा वेग खरोखर कमी करत होत्या, जणू चढ लागला. घामानं पदर भिजला होता.

मी खाकरलो. त्यांनी मागं पाहिलं नाही.

"काटोल आहे का?"

"खापा आहे, बाई."

"ये, बस. उत्तरेच्या खुर्चीत बस, तिथं सावली आहे." आणि पुन्हा पाय फिरायला लागले. "चढ माह्या पाठ आहे गा. पण पायाले लागला पाहिजे ना. पायाले लागल्याबिगर टाचणी कशी लावू?"

त्यांनी टाचणी लावली नाही. आठवड्याभरात दुसरा झटका आला आणि बाई गेल्या. अंत्ययात्रेला उमरेड होता, कामठी होता, नकाशावरची बरीच गावं होती. मी प्रत्येक चेहरा पाहत होतो.

सायकल अजून यंत्रावर तशीच आहे. माया काढू म्हणत नाही, मीही म्हणत नाही. शेवटची टाचणी माथ्याच्या खाली आहे आणि तिच्यावर कोरा डोंगर आहे.

काटोल, तू जिथं असशील तिथं हे वाच. यंत्राचे पैसे मला नकोत, माफी तर मुळीच नको. त्या घराचं दार पश्चिमेला आहे आणि अजून उघडं असतं. बाईंनी तुला एकदाच विचारलं, कारण दुसऱ्यांदा विचारायची त्यांची रीत नव्हती. मला तशी काही रीत नाही. मी पुन्हा विचारतो, आणि तू उत्तर देईपर्यंत विचारत राहीन: समोरच लावा, असं तू म्हणाला होतास की नाही?